पहिला ओरखडा

तुटलेला पट्टा शिवायला घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईंचे कान पुढच्या मायलेकींकडे लागले होते. बॅगवाल्याने त्या दोघींसमोर दोन कातडी पसरली होती.

“आई, एवढी भारी बॅग शिवून घेतेयस, तर म्हशीचं कातडं घे. दणकट असतं.”

“दणकटच वापरत आले गं. तुझ्या जन्माआधीची ती काळी बॅग, मेली अजून फाटेना! ती धडधाकट असताना नवी कुठल्या तोंडाने घ्यायची, असं म्हणण्यातच इतकी वर्षं गेली.”

“पण हे कोकराचं फार नाजूक आहे. हो की नाही, काका?”

“नख लागलं तरी ओरखडा उठतो, ताई.”

“ऐकलंस? म्हणजे ही बॅग तू कपाटात जपून ठेवणार आणि बाहेर पडताना पुन्हा ती काळीच घेणार. मी काय तुला ओळखत नाही?”

आईने कोकराच्या कातड्यावरून नख सरळ ओढलं. मागच्या बाईंनी टाचा उंचावल्या.

“आई! अगं, काय केलंस हे?”

“झालं, आता जपायचं काही उरलं नाही. दादा, याचीच शिवा. आणि हा ओरखडा आत दडवू नका, दर्शनी बाजूला येऊ दे.”