उजवीकडची काच कशी फुटली त्याबाबत

मी खाली सही करणार, वय एकसष्ट वर्षे, धंदा चष्म्यांचे दुकान, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, गल्लीत चष्मेवाल्या मावशी म्हणून ओळख. समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब लिहून देते की,

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. यजमान वारल्यापासून दुकान मीच पाहते. डोळे तपासण्याचे रीतसर शिक्षण मी घेतलेले असून प्रमाणपत्र काउंटरमागे भिंतीवर लावलेले आहे. माझ्याविरुद्ध अशी तक्रार आहे की, नवा चष्मा गळ्यात मारता यावा म्हणून मी गिऱ्हाइकाचा चांगला चष्मा मुद्दाम फोडला. फोडला हे खरे आहे. मुद्दाम फोडला हेही खरे आहे. गळ्यात मारण्यासाठी फोडला हे धादांत खोटे असून त्याचा मला राग आलेला आहे. रागाचे वाक्य काढू का, असे हवालदारांनी विचारले. मी राहू द्या म्हटले.

तक्रारदार आमच्या मागच्या रस्त्यावर लोखंडी फाटके आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवण्याचा कारखाना चालवतात. त्यांचे धाकटे भाऊ तिथेच ग्राइंडर चालवतात. फिरत्या चकतीने लोखंड घासायचे ते काम, त्यात ठिणग्या उडतात. दोघे एका घरात राहतात आणि एकमेकांवाचून त्यांचे पान हलत नाही. यापुढे मी त्यांना थोरले आणि धाकटे असे म्हणते.

काच का फोडली, हे मी आधी सांगायला तयार नव्हते. हवालदारांनी पुन्हा पुन्हा विचारले. गिऱ्हाइकाच्या डोळ्याचे काय ते गिऱ्हाईक सांगेल, असे मी म्हटले. त्यावर बाहेर बाकावर बसलेले धाकटे आत आले आणि म्हणाले, "सांगून टाका मावशी. माझ्यापायी तुमच्यावर बालंट नको." थोरले त्या वेळी आपला टेम्पो ठाण्याच्या फाटकासमोरून काढायला गेले होते. म्हणून सांगते.

मागच्या महिन्यात धाकटे एकटेच दुकानात आले. हल्ली धूसर दिसते, अशी त्यांची तक्रार होती. चष्मा बारीक सोनेरी तारेच्या फ्रेमचा, त्यात खरी काच. उजव्या काचेवर नखाला लागतील असे काळे ठिपके होते. तापलेली ठिणगी काचेत रुतते, त्याचे ते ठिपके. डाव्या काचेवर मात्र नावापुरता एखाददुसरा. ग्राइंडरवाल्यांचे चष्मे मी खूप पाहिलेत, एवढा फरक कधी दिसला नाही. मान तिरकी धरून काम करता का, असे विचारले, तर म्हणाले, "सवय आहे." मी त्यांचा उजवा डोळा झाकला आणि समोर बोटे धरली. त्यांना ती मोजता येईनात.

डावा डोळा दिसायला टकटकीत आहे. पण तो लहानपणापासून आळशी राहिला, पाहायला शिकलाच नाही. त्या वयात कोणाच्या लक्षात आले असते तर काही करता आले असते. आता चष्म्याने त्यात फरक पडणार नाही. म्हणजे या माणसाचे सगळे पाहणे एका उजव्या डोळ्यावर आहे, आणि तोच डोळा तो रोज ठिणग्यांपुढे करतो.

घरी कोणाला माहीत आहे, असे मी विचारले. ते म्हणाले, "कुणालाच नाही. दादाला तर अजिबात कळू देऊ नका. तो मला मशीनला हात लावू देणार नाही. मग मी काय करू? दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी विचारू?" निदान कामाचा वेगळा चष्मा घ्या, असे मी सांगून पाहिले. तर म्हणाले, चष्मा दादाच घेऊन देतो, तो देईल तोच घालायचा. मी गप्प राहण्याचा शब्द दिला. तेव्हापासून त्या कारखान्यावरून जाताना चकतीचा आवाज आला की मी थांबून, धाकट्यांची मान कशी वळलेली आहे, ते पाहत असे.

काल सकाळी दोघे मिळून आले. थोरले म्हणाले, "भावाला नवा चष्मा करायचाय. भारीतलं दाखवा, हात आखडू नका." हे त्यांच्या बाजूचे आहे म्हणून मुद्दाम लिहून घ्यायला सांगते. भावावर त्यांचा जीव आहे. पण त्यांनी निवडली पुन्हा तशीच सोनेरी तारेची फ्रेम, आणि आत काचच हवी म्हणाले.

मी काउंटरवर तीन फ्रेमा मांडल्या. शेलची, म्हणजे कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकची जाड फ्रेम दाखवली. ती दिसायला झकास, पण आचेजवळ मऊ होऊन ढिली पडते. टायटेनियमची दाखवली. ती हलकी असते, घामाने खराब होत नाही, पण तार बारीक असली तर जोराचा मार बसल्यावर भिंग मागे, म्हणजे डोळ्याकडेच सुटते. तिसरी काळी, नायलॉनची. तिची भिंग बसायची खाच खोल, भिंग मागे सरकू नये म्हणून आतून कडा, आणि दोन्ही बाजूंना पडदे. तिच्यात पॉलिकार्बोनेटचे भिंग बसवते, असे मी म्हटले. ते न फुटणारे प्लास्टिक असते.

थोरले म्हणाले, "लोखंडात काम करणाऱ्याला प्लास्टिक? लोक हसतील याला."

"हसू द्यात की. हसल्याने डोळ्यात काही जात नाही."

"आणि त्याच्यावर ओरखडे पडतात. काचेवर पडत नाहीत. मला शिकवू नका मावशी."

ओरखड्यांचे त्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि मी ते तिथल्या तिथे मान्य केले. ओरखडे पडतात. पडले की भिंग बदलून मिळते, असे मी म्हटले. त्यापुढचे वाक्य धाकटे शेजारी उभे असल्याने मी गिळले.

माझ्याकडे बेअरिंगची एक पोलादी गोळी आहे. ती मी पॉलिकार्बोनेटच्या भिंगावर उंचावरून टाकून दाखवली. ती उडाली, भिंगाला काही झाले नाही. थोरले म्हणाले, "त्यात काय, आमचाही नाही फुटायचा. टाकून बघा." धाकट्यांनी चष्मा काढून दिला. मी खाली पांढरा कागद अंथरला. चष्म्याला काचा दोन होत्या. मी गोळी उजवीवर धरली आणि सोडली.

काच फुटली. काही तुकडे सुईसारखे होते. धाकट्यांना चष्म्याशिवाय अंधूक दिसते, म्हणून ते मान वळवून, उजवी बाजू पुढे करून कागदावर वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मी एवढेच म्हटले, "बोट लावू नका."

थोरल्यांनी मग आकाशपाताळ एक केले. "मी बोललो म्हणून लगेच टाकायची का?" असे ते म्हणाले. मला लुटारू म्हणाले. भावाचे काम त्यामुळे बंद पडले, असे तक्रारीत लिहिले आहे. ते खरे आहे. नवा चष्मा होईपर्यंत ते बंद पडावे, हाच माझा हेतू होता. जुन्या काचेची भरपाई मी देईन. तशी काच पुन्हा बसवून मात्र देणार नाही, कोणी सांगितले तरी नाही.

वरील मजकूर लिहून झाल्यावर हवालदार तो मला हलक्या आवाजात वाचून दाखवू लागले, कारण थोरले परत येऊन दारात उभे होते. तेव्हा धाकटे म्हणाले, "मोठ्याने वाचा साहेब. दादाला हळू वाचलेलं ऐकू जात नाही." हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. मग सगळा मजकूर पहिल्यापासून मोठ्याने वाचण्यात आला.

वाचून झाल्यावर, तक्रार कायम ठेवायची आहे का, असे हवालदारांनी थोरल्यांना विचारले. ते भावाकडे पाहत म्हणाले, "लहानपणी याच्या हातून चेंडू सुटायचा. मुद्दाम सोडतो म्हणून मी याला बडवायचो." आणि ते खाली बसले.

हे वाक्य माझे नाही. ते कागदावर ठेवायचे की नाही, हे त्या दोघांना विचारून ठरवावे. बाकीचे मी सांगितले तसेच उतरवले आहे, ते माझ्या कानांनी ऐकून खाली सही करते.