गव्हर्नर छापखान्यात परतला

व्हिसाच्या नूतनीकरणासाठी दुबईजवळच्या अजमानमध्ये, सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमध्ये मी रांगेत होतो. पुढे एक गृहस्थ आणि त्यांची शाळकरी मुलगी उभी होती.

"बाबा, माझ्या प्रोजेक्टमधला अमेरिकन गव्हर्नर आधी न्यूजपेपर एडिटर होता. टर्म संपल्यावर परत छापखान्यात गेला. सो सिली!"

"शाईचा वास असतो, रुचा. समुद्र ओलांडला तरी तो झोपेत येतो, ओल्या कागदासकट."

"हाऊ डू यू नो?"

"सांगलीत नऊ वर्षं माझं साप्ताहिक होतं."

"यू नेव्हर टोल्ड मी!"

"तू कधी विचारलं नाहीस, बाळा."

"नेक्स्ट!" काउंटरवरच्या टायपिस्टनं त्यांना पुढे बोलावलं. "साहब, प्रोफेशन वही? स्टोअरकीपर?"

"वही रहने दो, भाई."

"बाबा, स्कूल डायरीत फादर्स प्रोफेशनची जागा रिकामी आहे. एडिटर लिहू?"

"संपादक लिही. मराठीत."