टॅपेटची टकटक

चहा झाला की मला आमच्या फियाटचा किस्सा आठवतो. यांना जुन्या गाडीची भारी हौस. मोठे पिस्टन घालून ती पळवायची, म्हणून अंगणातच इंजिन खोललं. इंजिन सुटंच राहिलं आणि हे गेले.

वर्षभराने अकोल्याहून यांचे मित्र वसंतभाऊ आले. "वहिनी, त्याचं अर्धं काम मी पुरं करतो." दर रविवारी अमरावतीला येऊन त्यांनी इंजिन जोडलं, गाडीत बसवलं आणि सुरू केलं.

"आयका वहिनी, कसं मख्खन चालून राहिलं!"

मी विचारलं, "भाऊ, ती टकटक कुठे गेली?"

"झडपा हलवणारे टॅपेट ढिले होते, आवळून टाकले."

"पुन्हा ढिले करता येतील?"

"कावून? लोकं आवाज काढाले येतात, अन् तुमी टाका म्हणून राहिल्या?"

"ती टकटक कोपऱ्यावर ऐकू आली की मी चहा ठेवायचे, भाऊ. हे पायरी चढेपर्यंत तो उकळायचा."

वसंतभाऊंनी बॉनेट उघडलं. इंजिनचं झाकण काढलं, पान्याने एक टॅपेट जरा ढिला केला आणि गाडी घेऊन चक्कर मारायला गेले.

परत आले तेव्हा मी कप पुढे केला.

"वहिनी, मी चहा पीत नाही. माहीत आहे न तुमाले?"

माहीत होतं. पण कोपऱ्यावर टकटक ऐकू आली आणि हात आपोआप गॅसकडे गेला होता.

त्यांनी एकदा कपाकडे पाहिलं.

"आना," म्हणाले, "आज त्याच्या वाटचा घेतो."