अर्धी फेरी पुढे

तुम्ही हसाल, पण मला ते आठवलं की अजून एका जागी बसवत नाही. घरोघरी रंगीत टीव्ही यायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या घाटकोपरच्या गॅरेजने रेससाठी एक गाडी तयार केली आणि चालवायला दिली वसंताला. वसंता माझा मावसभाऊ, मूळचा मालवणचा, अंधेरीला टॅक्सी चालवायचा. हात एकदम झकास. फक्त एकदा बंदच्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर घुसला आणि दगडफेकीत समोरची काच फोडून घेतली होती.

रेस जुन्या धावपट्टीवर, दहा फेऱ्यांची. आठवी फेरी संपताना वसंता अर्धी फेरी पुढे! मागच्या गाड्या दिसतसुद्धा नव्हत्या. मी कडेला फळा धरून उभा, त्यावर खडूने 'दोन बाकी' लिहिलेलं. माझे पाय जमिनीवर ठरेनात.

आणि हा वेग कमी करतो. आरशात बघतो. माझ्यासमोर येऊन चक्क गाडी बंद करतो!

"अरे काय झालं? इंजिन गेलं?"

"इंजिन बरा आसा. दगडफेक खंय झाली?"

"कसली दगडफेक?"

"फुडे कोण नाय, मागे कोण नाय. मुंबयत रस्तो इतको मोकळो असता काय? नक्की बंद आसा."

"वसंता, तू पहिला आहेस रे! पळ!"

तेवढ्यात मागच्या सातही गाड्या धाडधाड पुढे निघून गेल्या. वसंताचा चेहरा खुलला. किल्ली फिरवत म्हणाला, "बघ, झालो ना रस्तो चालू!"