वाढत्या अंगाचं गणित

जळीत विभागाच्या बाकावर इस्त्रीवाली पट्टी बदलायला बसली होती. शेजारी बहीण-भाऊ बोलत होते. डोळे मिटता येतात, कान कसे मिटणार?

"दादा, माझ्या पोरीची भाजल्याची जखम कशी भरेल, ते तू कॉम्प्युटरवर गणित मांडून दाखवलं होतंस."

"भरलीच की गं."

"भरली. पण कोपर सरळ होत नाही तिचं."

"आमच्या गणितात कातडी सपाट धरतात. टेबलावर पसरल्यासारखी."

"आणि कोपर?"

"कोपर नसतं त्यात. जखम मिटली की गणित संपलं."

"डॉक्टर म्हणतात, आखडलेला व्रण कापून कोपर मोकळं करू. मग सुटली ना पोर कायमची?"

भावाने चष्मा काढून पुसला.



"व्रणाची कातडी अंगाबरोबर वाढत नाही. पोर उंच होईल, तसा हात पुन्हा आखडेल. मग पुन्हा कापायचं."

"कुठवर?"

"तिची वाढ थांबेपर्यंत."

इस्त्रीवालीचा नंबर पुकारला. ती उठली नाही.

"काल फ्रॉक तोकडा झाला म्हणून नाचत आली रे. म्हणाली, आई, बघ, मी मोठी झाले!"

"मग?"

"मी फाडकन थोबाडीत मारली तिच्या."