चपला बघून भाव

कट्टा गावच्या थांब्यावर मालवणची गाडी काही येईना, तशी समीक्षाचे कान शेजारच्या बाकाकडे लागले. तिथे पद्मावती उरलेल्या बांगडा मासळीची पाटी घेऊन बसली होती. तिचा नवरा सहदेव महागड्या अँप्लिफायरचा खोका पोटाशी धरून नुकताच कुडाळच्या गाडीतून उतरला होता.

“लुबाडल्यानी नाय मां तुका?”

“नाय गो. ह्या दुकानात किंमत मशीनवरच लावलेली. दुसऱ्या दुकानात फोन करून इचारलंय, थंय पण तीच.”

“आणि फोनार सांगलंस तो पयलो दुकानदार?”

“तो म्हणाक लागलो, आधी ऐका, मग किंमत बोलू. चाय पाजल्यान, दोन गाणी आयकवल्यान आणि माझ्या चपलांकडे बघून भाव सांगल्यान.”

“गिऱ्हाईक बघून भाव? मेल्याक लाज नाय.”

“जावंदे. आता सुखान झोप लागात.”

“माका पण. सकाळपासून जीव थाऱ्यार नव्हतो.”

समोर एक लांबलचक गाडी थांबली. काच खाली झाली.

“मावशी, बांगडे कसे दिले?”

पद्मावतीने गाडी पुढून मागपर्यंत न्याहाळली आणि पाटीवरचं केळीचं पान हळूच बाजूला केलं.

“आधी मासे तरी बघा, ताई. भावाचं मग बोलू.”