आमच्या हिरीचं खारं पानी

मी मूळची कन्हेरीची. बाप मेंढरं राखायचा, आन् लगीन करून दिलं ते कळसला, तितलं घरबी मेंढरांचंच, पन मी नांदायला आले तवा आमच्या सासऱ्यांनी, आबांनी, समदी मेंढरं इकून ऊस लावला हुता. माझं नाव मंगल, पन आता मला मंगल कोन म्हनत न्हाय, समदी मावशी म्हनत्यात, कारन मी हितं मत्स्यालयात कामाला हाय आन् रोज कुठली ना कुठली शाळा बघाय येती. काय सांगू तुमाला, घरी जाऊ मला पान्यात बघती आन् हितं मी दिसभर माशांला पान्यात बघते, असं आमचं चाललंय.

हसताय, हसा, ते वहीत लिवूनबी घ्या. पन माझा जीव लई टांगनीला लागलाय. ही कोपऱ्यातली बारकी टाकी दिसती का, तिच्यात दोऱ्याला एक पिशवी बांधून सोडली हाय, खारकंच्या रंगाची, तळहाताएवढी. ते मुशीचं अंडं हाय. मुशी म्हंजे बारका शार्क, समुद्राच्या तळाला ऱ्हातो, मानसाला काय करत न्हाय. आत पिल्लू हाय. ते बाहीर येतंय का आतल्या आत जातंय, ह्येच्यापायी मला घास ग्वाड लागंना झालाय. थांबा, म्या पयल्यापासनं सांगते, मदनंच सांगितलं तर तुमाला काय उमगायचं न्हाय.

आमच्या रानाला कालव्याचं पानी आलं, आन् आबांला भूल पडली बगा. उभा जलम मेंढरामागं उन्हातान्हात फिरल्याला मानूस, पान्यासाठी गावं पालथी घातल्याली, त्येच्या बांधाला पानी आल्यावर त्यो काय माप धरतोय व्हय? सऱ्या तुडुंब भरस्तवर पानी सोडायचं, आन् युरिया टाकायचा तर मूठ मोकळी सोडून. ऊस असा आला का वाटंनं जानारी मानसं थांबून बगायची. मग रान पांढरं पडाय लागलं. आदी कोपऱ्यात, मग निम्म्यात, सकाळच्याला बघावं तर पीठ सांडल्यागत दिसायचं. जमिनीला मीठ फुटलं. हिरीचं पानी तर एवढं खारं झालं का म्हस तोंड लावंना. तवापासनं आबा बांधावर जाऊन बसायचे, आन् जेवायला बोलवलं का उठून यायचे.

मग बारामतीच्या अलीकडं एका ट्रस्टनं ह्ये मत्स्यालय काढलं आन् मला झाडलोटीचं काम मिळालं. हितले सर कोकनातले. पयल्याच दिशी मला म्हनले, मावशी, समुद्र बघितलाय का. म्हनलं, टीव्हीत बघितलाय. तर म्हनले, मग चाखून तरी बघा, आन् टाकीतलं थ्येंबभर पानी माझ्या बोटावर दिलं. म्या चाखलं आन् म्हनलं, आवो सर, ह्ये तर आमच्या हिरीचं पानी! सर पोट धरून हसले. घरी जाऊन म्या ही गंमत समद्यांला सांगितली, समदी हसली, आबा तेवढं हसले न्हाईत. तवा माझ्या ध्येनात आलं न्हाय.

हितं समुद्र आमीच करतो. व्हय, खरंच. फिल्टरचं ग्वाड पानी पिंपात घ्यायचं, त्येच्यात मुंबैवरनं आल्यालं मीठ ढवळायचं, जेवनातलं न्हाय, माशांचं येगळं असतं, आन् काचंची कांडी तरंगत सोडून खारटपना बघायचा. टाकीतलं पानी उन्हाळ्यात आटतं, पन मीठ काय उडून जात न्हाय, म्हनून वरनं ग्वाडंच पानी घालायचं. आन् अधनंमधनं थोडं जुनं काढून नवं खारं घालायचं, न्हायतर माशांचीच घान माशांला बाधती. ह्ये समदं मला सरांनी शिकवलं. आता पोरं आली का मीच सांगते.

पोरं काय काय इचारत्यात! ह्या तीन अंड्यांच्या मागनं टॉर्च धरला, आन् आत पिल्लू वळवळलं, तर एक पोरगी म्हनली, मावशी, माझ्या भावाच्या टायमाला आईच्या पोटातलं असंच दिसलं हुतं दवाखान्यात. व्हय, तवा तीन हुती अंडी. सरांच्या गावच्या कोळ्यांच्या जाळ्यात माशांबरं अशी अंडी येत्यात. आदी किनाऱ्यावर टाकून द्यायची, उन्हात वाळून जायची, आन् मुशी तर दरसाल कमीच व्हत चालल्यात म्हनं. सरांनी कोळ्यांला समजावलं, आता जाळ्यात अंडं घावलं का ते सरांला फोन करत्यात. हितं जपायचं, पोरांला दावायचं, पिल्लू निघून खाया-प्याया लागलं का परत समुद्रात नेऊन सोडायचं. पोरं म्हनत्यात, पन समुद्र तर लांब हाय, आपला काय संबंध. मग मी सांगते, तुमच्या रानातलं पानी ओढ्याला जातं, ओढ्यातनं नीरंला, नीरंतनं भीमंला, आन् फुडं समुद्राला. एक पोरगं लई हुशार, म्हनलं, मावशी, ते तर पूर्वेला जातं, अंडी पश्चिमेची हायेत. म्हनलं, बाबा, समुद्राला काय बांध घातलाय का मधी? असं मी रोज सांगायची, पाठ केल्यागत.

आन् मग ह्या पंधरवड्यामागं मुंबैचं मीठ आलंच न्हाय. गाडी कुठं अडाकली देव जानं. पानी बदलायची तर येळ झाल्याली. म्या घरी भाकरी थापता थापता बडबडत हुते, आता काय करायचं, ती बारकी टाकी, ती तीन पिल्लं, खारं पानी आनायचं कुठनं. आबा चुलीपशी बसल्यालं.

दुसऱ्या दिशी मी मोठ्या हालमधी शाळेच्या पोरांबरं, सर मिठाच्या गाडीसाठी फोनवर, आन् आबा आलं शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून. संगं दुधाच्या किटल्या, त्येच्यात हिरीचं पानी. वळखीचं म्हातारं म्हनून वॉचमननं आत सोडलं. मी हाक ऐकली, मंगल, ये मंगल! पळत आले, तर आबांनी ह्या टाकीत किटली रिकामी केल्याली, दुसरी हातात. म्हनले, बघ, आपल्या हिरीचं पानी कामाला आलं! किती वर्सांनी त्यांच्या तोंडावर हसू बघितलं म्या. आन् माझ्या तोंडचं पानी पळालं. म्या त्यांच्या हातातली किटली धरली.

सरांला हाक मारली. सर पळत आले, आबांला एका शब्दानं बोलले न्हाईत, मोठ्या टाकीतलं पानी बादलीत घेतलं आन् तिन्ही अंडी तिच्यात ठिवली. मग आबांच्या किटलीतलं पानी काचंच्या नळीत घेऊन त्येच्यात औषधाचं थ्येंब टाकलं. पानी लालभडक झालं. आबा म्हनले, मीठ कमी पडलं का हो? सर म्हनले, आबा, मीठबी निराळं हाय, पन नुसतं मिठाचं न्हाय, ह्या पान्यात युरिया उतरलाय. आबा म्हनले, म्या युरिया उसाला घातला, हिरीला कवा घातला?

शाळेची पोरं दारात हुभी. त्यातलंच एक हळूच म्हनलं, मावशी, रानातलं पानी समुद्राला जातं असं मगाशी तुमी सांगितलं, ते ह्येच का. व्हय रं बाबा, म्हनलं, ह्येच.

एक पिल्लू दुसऱ्याच दिशी थांबलं. टॉर्च धरला तर नुसतंच लोंबत हुतं. मग दुसरं गेलं. म्या पदर तोंडाला लावून रडले, जाऊ म्हनली, येडी का खुळी, माशासाठी रडती. रडू आलं, मग काय करू? मिठाची गाडी त्येच्यानंतर आली.

आबांनी दोन दिस अन्न घेतलं न्हाय. तिसऱ्या दिशी माझ्याबरं जीपमधी बसले आन् हितं आले. सरांला इचारलं, मीठ कुठनं येतं वो? आमी मेंढरांला चाटवायचो ते? सर म्हनले, समुद्रातनंच की, आबा. ते बघा, आबा त्या बाकावर बसल्यात ना, तितंच बसले हुते, आन् म्हनले, मंगल, समिंदराच्या मिठावर म्या मेंढरं जगवली, तुमाला समद्यांला जगवलं, आन् त्येला म्या माघारी धाडलं काय, तर युरिया. खाल्ल्या मिठाला जागलो न्हाय गं म्या. म्हनलं, आबा, एक ऱ्हायलंय अजून. तवापासनं ते रोज येत्यात. टाकीला हात लावत न्हाईत, दोनी हात मांडीखाली घेऊन बसत्यात.

आता ह्ये एकच. पिल्लाची येळ भरत आली हाय, आता पिशवीत मावंना झालंय, मुडपून बसलंय. कालपासनं हलायचं कमी झालंय. सर म्हनत्यात, बाहीर यायच्या आदी ते गप बसतं, घाबरू नका. पन मावलीगत जपलं तरी मला गप बसल्यालं आन् गेल्यालं ह्येच्यातलं काय कळतंय? आदल्या दोघांचंबी मला आदी गप बसल्यालंच वाटलं हुतं.

तुमी लिवा, नाव लिवा, गाव लिवा, काय लिवायचं ते लिवा, पन आदी एक काम करा माझं. ह्यो टॉर्च घ्या. मी धरला का माझाच हात कापतोय आन् मला वाटतं पिल्लू हललं. आबांचं तर इचारूच नका. तुमचा हात थिर हाय. पिशवीच्या मागनं धरा, असा, जरा खाली. आबा, आलात व्हय उठून, सरका वाईच, पावन्यांला बघू द्या. दिसलं का? मला बरं वाटावं म्हनून सांगू नका हां. हललं, तरच हललं म्हना.